आपला दास, चाओ!

'आपला आज्ञाधारक' अशी सही ठोकून रजेचा अर्ज देणारा माणूस साहेबांची आज्ञा किती धारण करतो, हे साहेबांनाही पक्के ठाऊक असते. इटलीचा 'चाओ' हा शब्द याच जातकुळीतला. भेटताना चाओ, निघताना चाओ! आता तर जर्मन, झेक, हंगेरियन, बल्गेरियन अशा सगळ्यांनीच तो उचलला आहे. जिभेला कष्ट नाहीत, कंबरेला वाकणे नाही.

पण याचे कूळ काढायला गेलात तर पंचाईत आहे. शब्द मूळचा व्हेनिसचा. तिथली मंडळी एकमेकांना 'मी आपला गुलाम' असे म्हणत. त्यातला 'गुलाम' झिजत झिजत 'चाओ' झाला. ऑस्ट्रिया-हंगेरीकडे 'सेर्वुस' म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचाही अर्थ गुलामच. म्हणजे निम्मा युरोप रोज सकाळी एकमेकांचा गुलाम होतो, आणि कुणी कुणाला पेलाभर पाणी आणून देत नाही!

इथवर माझे काही म्हणणे नाही. फुकटात मिळते तोवर नम्रता कुणाला नको असते? माझी तक्रार पुढेच आहे. या गुलामाचा मूळपुरुष मध्ययुगीन लॅटिनमधला 'स्क्लावुस', म्हणजे स्लाव माणूस. पूर्व युरोपातले स्लाव लोक त्या काळी इतके पकडून विकले गेले, की माणसांचे नावच मालाचे नाव होऊन बसले. इंग्रजांचा 'स्लेव्ह' आणि फ्रेंचांचा 'एस्क्लाव्ह' ही त्याचीच पिलावळ. आणि व्हेनिस? ते तर या बाजारातले बडे दुकानदार! 'मी आपला गुलाम' असे हसत हसत म्हणायची चैन विकणाऱ्यांना परवडली. विकल्या गेलेल्यांना ते हसण्यावारी नेता येत नव्हते.

गंमत म्हणजे, 'स्लाव' हे नाव 'स्लोवो', म्हणजे 'शब्द', यावरून आले असे बरेच पंडित मानतात. आपण बोलणारे ते स्लाव, आणि शेजारचा जर्मन तो 'नेमेत्स', म्हणजे मुका! एवढा शब्दाचा अभिमान, आणि जगाने त्यांच्याच नावाचा असा शब्द केला.

आज प्रागमध्ये दोन स्लाव पोरे ट्रॅमच्या थांब्यावर एकमेकांना खुशाल 'चाउ' म्हणतात. आजोबांच्या गळ्यातला साखळदंड नातवंडांनी खुळखुळा म्हणून वाजवावा, तसे. त्यांना कोण रागावणार? वाजवू देत बापडे. पण तो साखळदंड होता, हे घरात एखाद्याला तरी ठाऊक असावे.

आपण मात्र उठताना 'बरंय, येतो' म्हणावे. त्यात कुणी कुणाचा गुलाम नाही. आणि यायचे बंधनही नाही!