देशी वर्तमानपत्रांचे सरकारी गोषवारे : एक साधनचिकित्सा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धावरील अलीकडचे लेख व ग्रंथ चाळीत असतां एक गोष्ट आमच्या वारंवार नजरेस येते. अमुक सालीं अमुक मराठी पत्रानें अमुक मत दिलें असें विधान केलेलें असतें. आणि आधार म्हणून दाखविलेला असतो तो त्या पत्राचा अंक नव्हे, तर मुंबई सरकारनें दर आठवड्यास इंग्रजींत तयार करविलेला देशी पत्रांचा गोषवारा. मूळ अंक लेखकानें पाहिला होता कीं नाहीं, याचा उल्लेखही नसतो. नकलेवर विसंबून अस्सल कागद न पाहणारास राजवाड्यांनीं ज्या महाराष्ट्रांत सळो कीं पळो करून सोडलें, तेथेंच हा शिथिलपणा रूढ व्हावा याचें नवल वाटतें. कारण मात्र उघड आहे. हे गोषवारे आतां घरबसल्या संगणकावर पाहावयास मिळतात, व इंग्रजी शब्द घालून त्यांत शोध घेतां येतो. मूळ अंकांसाठीं धूळ खावी लागते.

प्रथम या साधनाचें स्वरूप पाहूं. सत्तावनच्या धामधुमीनंतर देशी भाषांतील पत्रें काय लिहितात हें जाणण्याची सरकारास निकड भासूं लागली, आणि त्या शतकाच्या सातव्या दशकापासून असे गोषवारे सिद्ध होऊं लागले. सरकारी भाषांतरकारानें पत्रें वाचावीं, त्यांतील निवडक मजकूर इंग्रजींत उतरावा आणि तो छापून केवळ अधिकाऱ्यांच्या वापरासाठीं फिरवावा, अशी ही व्यवस्था. त्यांच्यासोबतच्या याद्यांत पत्राचें नांव, गांव, खप, आणि पुढें पुढें तर संपादकाची जात व वयही नमूद केलेलें आढळतें. इतिहासाची साधनें जतन करावीं हा यांत कोणाचाच हेतु नव्हता. पावसाचें मान, धान्याचे भाव, नाटकांच्या व औषधांच्या जाहिराती, गांवकऱ्यांचीं तक्रारीचीं पत्रें, ग्रंथपरीक्षणें, हा सारा ऐवज चाळणीच्या वर राहिला. खालीं पडलें तें सरकारास जेवढें बोचलें तेवढेंच.

संस्कृतज्ञांस हा प्रकार नवा नाहीं. चार्वाकांचें मत आज आपणांस मुख्यतः कोठून कळतें? माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहासारख्या ग्रंथांतील पूर्वपक्षावरून. म्हणजे ज्यांस तें मत खोडावयाचें होतें, त्यांच्याच तोंडून. तेथें आपण सावध असतों. हेंच चार्वाकांचें समग्र दर्शन, असें कोणी म्हणत नाहीं. मग सरकारी गोषवाऱ्यांतील पूर्वपक्ष पाहून ‘मराठी पत्रांचें मत’ ठरविणारानें ती सावधगिरी कां सोडावी?

मीमांसकांनीं तात्पर्यनिर्णयाचीं जीं सहा लिंगें सांगितलीं आहेत, तीं येथें लावून पाहावीं. पहिलें लिंग उपक्रम आणि उपसंहार. उताऱ्यांत नेमके हेच दोन्ही कापले जातात. दुसरें अभ्यास, म्हणजे पुनरुक्ति. एखाद्या विषयाकडे पत्र किती आठवडे पुन्हां पुन्हां वळलें, तो अग्रलेखाचा विषय होता कीं कोपऱ्यांतील स्फुटाचा, हें सुट्या उताऱ्यावरून समजत नाहीं. पण सर्वांत घात होतो तो अर्थवादाच्या बाबतींत. स्तुति, निंदा, उपरोध, पुराणांतील दाखला, हे सगळे अर्थवाद. भाषांतरांत ते विधि होऊन बसतात. मराठींत जो चिमटा असतो, तो इंग्रजींत पोंचतां पोंचतां खंजीर होतो.

ही केवळ पंडिती शंका नव्हे. या प्रश्नावर माणसें तुरुंगांत गेलीं आहेत. १८९७ च्या खटल्यांत केसरींतील शिवाजीविषयक पद्य व उत्सवाचा वृत्तांत यांचीं इंग्रजी भाषांतरें हाच पुराव्याचा कणा होता. न्या. स्ट्रॅची यांनीं कायद्यांतील ‘डिसअफेक्शन’ या शब्दाचा अर्थ ‘प्रीतीचा अभाव’ असा ज्यूरीस समजावून दिला. सहा युरोपियन ज्यूररांनीं टिळकांस दोषी ठरविलें, तीन हिंदी ज्यूररांनीं निर्दोषी. पुढें १९०८ सालीं टिळकांनीं स्वतःच आपली बाजू मांडतांना सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी केली आणि एकेका शब्दावर वाद घातला. त्या खटल्याची हकीकत आम्ही मल्लिनाथाची टीका वाचावी तशी वाचतों. फरक इतकाच कीं येथें पाठभेदाची किंमत सहा वर्षांची शिक्षा होती.

आतां नियमनाविषयीं. लॉर्ड लिटन यांच्या अमदानींत १४ मार्च १८७८ रोजीं देशी भाषांतील पत्रांचा कायदा एकाच बैठकींत संमत झाला. मुद्रक व प्रकाशक यांच्याकडून जामीनकतबा व अनामत घेण्याचा अधिकार सरकारच्या अनुज्ञेनें मॅजिस्ट्रेटास मिळाला आणि त्यावर न्यायालयांत दाद मागण्याची सोय ठेवली नाहीं. इंग्रजी पत्रांस हा कायदा लागू नव्हता. म्हणून कलकत्त्याची अमृत बझार पत्रिका, जी तोंवर बंगाली व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघे, ती तत्काळ केवळ इंग्रजी झाली! गुन्हा मजकुराचा कीं भाषेचा, याचा याहून स्पष्ट निवाडा कोणता हवा? १८८२ सालीं लॉर्ड रिपन यांच्या कारकीर्दींत तो कायदा रद्द झाला. तथापि १८७० सालीं दंडविधानांत घातलेलें १२४-अ कलम कायमच होतें, आणि भाषांतरकाराचें टेबलही जागच्या जागीं होतें. आपला एक वाचक सरकारी कचेरींत बसला आहे हें जाणून संपादक लिहीत असे. सबब त्या काळच्या पत्रांतील मौन, आडवळण आणि राजनिष्ठेचीं ठराविक वाक्यें हीं सुद्धां इतिहासाचीं साधनें आहेत, आणि मौनाचा गोषवारा कोणीच केलेला नाहीं.

वर्तमानपत्रें स्वतः सोंवळीं होतीं असें मात्र आम्हांस म्हणावयाचें नाहीं. कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्या म्हणून समजल्या गेलेल्या पत्रांवर केसरी व मराठा यांनीं भरंवसा ठेवला. तीं पत्रें बनावट निघालीं, आणि १८८२ सालीं टिळक व आगरकर यांस चार महिन्यांची शिक्षा झाली. अस्सल-बनावट पारखण्यांतील ही चूक आपल्या वाचकांच्या तर फारच ओळखीची असेल. शिवाय पुण्याच्या पत्रांचा आवाज म्हणजे महाराष्ट्राचा आवाज, ही समजूतही टाकली पाहिजे. कृष्णराव भालेकरांनीं १८७७ सालीं काढलेल्या दीनबंधूचे आरंभींचे अंक अत्यंत दुर्मिळ आहेत. त्याचें बोलणें पुष्कळ ठिकाणीं आज सरकारी उताऱ्यांतूनच ऐकूं येतें. तेवढ्यापुरते आम्ही त्या अनाम भाषांतरकाराचे ऋणी आहों. गोषवारे टाकून द्यावेत असें आमचें म्हणणें नाहीं. सरकार कशास भीत होतें याचा तो अव्वल पुरावा आहे. पत्र काय म्हणत होतें याचा दुय्यम. जो हा भेद न करतां उतारा देतो, त्याचें विधान आम्ही यापुढें असिद्ध धरूं.

१८३२ च्या दर्पणांत बाळशास्त्री जांभेकरांनीं मराठी व इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या रकान्यांत छापला, त्यामुळें वाचकास ताळा जागच्या जागीं पाहतां येई. गोषवाऱ्यांच्या शेजारचा मराठी रकाना आपण शोधून काढावयाचा आहे. तो कोठें सांपडेल? आम्हांस वाटतें, आपल्याच कपाटांत.

येथें एक कबुली देणें प्राप्त आहे. बऱ्याच वर्षांपूर्वीं एका शिळाछाप पोथीचे पुठ्ठे कसरीनें खाल्ले म्हणून आम्हीं ते भिजवून सोडविले. आंत जुन्या वर्तमानपत्राचे थर खळीनें चिकटविलेले होते. पोथी साधारणच होती, तिच्या छापील प्रती अन्यत्र आहेत. पण आम्हीं पोथी राखली आणि तो लगदा परसांत टाकला. दुसऱ्यांदा असा प्रसंग आला तेव्हां शहाणपण सुचलें होतें. त्या खेपेचे चार तुकडे आज आमच्याजवळ आहेत. एकावर सरकारी लिलांवाची नोटीस, दोहोंवर जाहिराती, चौथ्यावर जकातनाक्यावरील त्रासाविषयीं कोणा वाचकाचें अर्धें पत्र. पत्राचें नांव नाहीं, तारीख नाहीं.

अशा तुकड्यांची ओळख पटविण्यास एक खूण उपयोगी पडते. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्यानें मुद्रकाचें नांव व छापखान्याचें ठिकाण छापणें सक्तीचें केलें होतें (तो कायदा २०२३ च्या नव्या कायद्यानें रद्द झाला), आणि ती ओळ बहुधा शेवटच्या पानाच्या तळाशीं असते. सबब पुठ्ठे सोडवितांना खालची कड कापूं नये, दोन्ही बाजूंची प्रतिमा घ्यावी आणि ज्या पोथींतून तुकडा निघाला तिचा लेखनशक व गांव त्यासोबत टिपून ठेवावा. आमच्या चार तुकड्यांचा खिळा कोणाच्या संग्रहांतील अंकांशीं जुळत असल्यास कळवावें. ते त्यांच्या हवालीं करण्यास आम्ही तयार आहों.