जोडणी कुणी केली?

रॉड जॉन्सन यांचं ‘एक्स्पर्ट वन-ऑन-वन जेटूईई डिझाइन अँड डेव्हलपमेंट’ हे पुस्तक २००२ साली आलं. त्यातल्या कोडमधून पुढे जावाचं स्प्रिंग फ्रेमवर्क उभं राहिलं. परदेशातल्या कितीतरी मराठी घरांची चूल आज त्यावर पेटते. पण एक रचना म्हणून आपण त्याकडे चिकित्सेनं क्वचितच पाहतो.

मूळ विचार देखणा आहे. ऑब्जेक्टनं आपल्याला लागणाऱ्या गोष्टी शोधत फिरू नये, बाहेरून कुणीतरी त्या हातात द्याव्यात. अहवाल बनवणारा क्लास कन्स्ट्रक्टरमधून डेटाबेस मागतो. चाचणीत नकली द्या, प्रत्यक्षात खरा; क्लास बदलावा लागत नाही. यालाच डिपेन्डन्सी इंजेक्शन म्हणतात. मार्टिन फाउलर यांच्या २००४च्या लेखानं हे नाव रूढ केलं.

माझी तक्रार विचाराशी नाही, जोडणी कुठे लिहिली जाते याच्याशी आहे. आधी ती एक्सएमएल फाइलीत असे. लांबलचक आणि कंटाळवाणी, पण एका जागी वाचता येणारी. २००७च्या २.५ आवृत्तीत ‘ऑटोवायर्ड’ आलं आणि जोडणी क्लासांमध्ये विखुरली. २०१४च्या स्प्रिंग बूट १.०नं तर क्लासपाथवर काय पडलंय ते पाहून अंदाजच बांधायला सुरुवात केली.

या अंदाजाची किंमत आमच्या प्रयोगशाळेनं मोजली. चाचणीसाठी घेतलेली एच-टू डेटाबेसची जार मी मुख्य यादीतच राहू दिली होती. सर्व्हरवर खऱ्या डेटाबेसचा पत्ता असलेली सेटिंग्जची फाइल उचललीच गेली नाही. बूटनं तक्रार न करता मेमरीतला डेटाबेस उभा केला, तक्तेही बनवले. दोन विद्यार्थ्यांनी तीन दिवस नोंदी भरल्या. सर्व्हर रीस्टार्ट झाला आणि सगळं पुसलं गेलं. लॉगच्या शेकडो ओळींत एच-टूचं नाव होतं. ते मी वाचलं नाही, ही चूक माझीच.

तरीही प्रश्न उरतो. पत्ता सापडला नाही तर थांबायचं, की गपचूप दुसऱ्याच घरी सामान उतरवायचं? पहिल्या तासात शिकणाऱ्याला दुसरा पर्याय सोयीचा वाटतो. खरा डेटा सांभाळणाऱ्याला तो घातक ठरतो.

स्प्रिंग टाकून द्या, असं मी म्हणणार नाही. अत्यावश्यक गोष्टी कन्स्ट्रक्टरमधूनच मागा, हा सल्ला त्याच्याच दस्तऐवजांत आहे. मी त्यात एवढीच भर घालेन: डेटा जिथे साठतो, ती जोडणी स्वतःच्या हातानं लिहा.