ऊतींच्या क्ष-किरण प्रतिमांतील सुस्पष्टता : एक चिकित्सा

हर्णेसारख्या मासळीच्या बंदरात घशात काटा अडकणे नवलाचे नाही. तो साध्या क्ष-किरण चित्रात दिसेल की नाही, हे बऱ्याच अंशी माशाच्या जातीवर अवलंबून असते. काही जातींचे काटे भोवतालच्या मृदू ऊतींत मिसळून जातात. 1895 मध्ये राँटगेनने शोधलेल्या किरणांचे नेहमीचे चित्रण शोषणातील फरकावर आधारलेले आहे आणि मृदू ऊतींत हा फरकच अल्प असतो. 'फेज कॉन्ट्रास्ट' तंत्र यावर उपाय म्हणून पुढे आले. ऊतीतून जाताना किरण क्षीण होतो, तशीच त्याच्या तरंगाची कलाही बदलते. हलक्या मूलद्रव्यांत हा परिणाम शोषणाच्या हजारपट असू शकतो.

मात्र तो टिपण्यासाठी नित्याचा नियम उलटवावा लागतो. एरवी फिल्म शरीराला खेटून ठेवतात. येथे शरीर व शोधक यांत अंतर सोडले, तरच कडांवर उजळ-काळ्या रेषा उमटतात. अंतर वाढताच स्रोताच्या आकारामुळे उपच्छाया पडते. वस्तू बरोबर मध्यावर असल्यास 1 मिलिमीटरचा स्रोत शोधकावर 1 मिलिमीटरचीच अंधुकता आणतो. म्हणून स्रोत काही मायक्रोमीटरांपर्यंत लहान करावा लागतो. विल्किन्स व सहकाऱ्यांनी 1996 मध्ये सूक्ष्म स्रोताच्या नळीने ही पद्धती साध्य करून दाखविली. तथापि एवढ्याशा ठिपक्यावर अधिक शक्ती दिल्यास धनाग्राचा धातू वितळतो. साहजिकच चित्रणाचा वेळ वाढतो, आणि गिळणारा घसा तेवढा वेळ स्थिर राहत नाही. स्थिर नमुन्यांवरील निबंधांत ही अडचण उद्भवतच नाही.

सिंक्रोट्रॉनमुळे तीव्रतेचा प्रश्न सुटतो. इंदूरच्या 2.5 अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या इंडस-2 वर प्रतिमांकनाची स्वतंत्र किरणरेषा आहे. इटलीत त्रिएस्त येथे 2006 पासून रुग्णांच्या स्तनांचे चित्रणही झाले. पण असे यंत्र तालुक्याच्या रुग्णालयात बसविता येत नाही.

याहून गंभीर आक्षेप 'सुस्पष्टता' या शब्दाच्या सैल वापरावर आहे. कडेवरील उजळ पट्टा डोळ्याला रेखीव वाटतो, परंतु त्या पट्ट्याची रुंदी म्हणजे वस्तूची रुंदी नव्हे. पॅगानिन यांची 2002 मधील संगणन-पद्धती गोंगाट उत्तम कमी करते. मात्र मूळ रूपात ती संपूर्ण नमुना एकाच पदार्थाचा आहे, असे गृहीत धरते. मृदू ऊतींसाठी तिचा गुणांक निवडला, की हाडाच्या कडाच पुसट होतात. म्हणजे हर्णेच्या रुग्णाच्या घशातील काटा, जो शोधायचा, तोच अंधुक होण्याचा धोका. समान किरणमात्रा व समान वेळ ठेवून सीटी स्कॅनशी तुलना केलेली नसताना 'अधिक सुस्पष्ट' हे विशेषण वापरणे अप्रशस्त होय.