एका पंगतीतलं एकटेपण

गंजाडमध्ये चित्रावर बोलायचं तर आधी कळंबीपाड्याच्या जिव्या सोमा मशे यांचं नाव घ्यायला हवं. पण आज आपण दूरच्या पोलंडचं चित्र घेतलं आहे: यात्सेक माल्चेव्स्की यांचं ‘सायबेरियातली नाताळची पूर्वसंध्या’, साल १८९२. ते क्राकुफच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

रशियाविरुद्धच्या १८६३ च्या उठावानंतर हजारो पोलिश लोक सायबेरियात धाडले गेले. पोलंडमध्ये या रात्री पहिली चांदणी दिसली की जेवायला बसतात, ओप्वातेक नावाची पातळ पापडी एकमेकांत मोडून खातात, आणि एक पान अवचित पाहुण्यासाठी मोकळं ठेवतात.

सण माणसं जोडतो, असं आपण सहज म्हणतो. हे चित्र ते मान्य करत नाही. टेबलावर पांढरं कापड आहे, म्हणजे रीत सोडलेली नाही. पण भोवतीचा जो तो आपापल्यात बुडालेला. माल्चेव्स्की प्रतीकवादी म्हणून ओळखले जातात, तरी इथे ना देवदूत, ना दिव्य प्रकाश. ते साधं कापडच प्रतीक होतं. आपल्या लग्नचौकात तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग पालघाट देवीला घरात आणतो. इथला पांढरा रंग घर नसल्याचं दाखवतो. मशे यांच्या तारप्याच्या फेऱ्यात हातात हात असतात, इथे एका टेबलाशी बसूनही हात सुटलेले.

तरीही आमचा एक आक्षेप आहे. या चित्रातली हद्दपारी पुरुषांची आहे, पराभूत वीरांची. महाराष्ट्रानं पाहिलेली पोलिश हद्दपारी वेगळी होती. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत सत्तेनं सायबेरिया, कझाकस्तानकडे नेलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक पुढे इराणमार्गे कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला आले आणि १९४३ ते १९४८ तिथे राहिले. त्यांत बहुसंख्य बायका आणि मुलं. परक्या मुलखात सणाचं पान मांडणारे हात बहुधा त्यांचेच असतात, आणि चित्रात नेमके तेच नाहीत.

हे आपल्याला दूरचं वाटायला नको. दिवाळीनंतर या भागातली कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, पावसाळ्याआधी परततात. ती हद्दपारी नव्हे, कोणी बेड्या घातलेल्या नसतात. पण पोटानं लादलेलं जाणं राजीखुशीचं म्हणता येईल का? भट्टीवरच्या झोपडीतलं सणाचं जेवण कोणी रंगवलं, तर त्यात हात धरलेले असतील की सुटलेले? हे आम्ही ठरवू नये. तिथे जेवलेल्यांनी ते रंगवावं.