बिलची पेन्सिल

लुईस कॅरोलच्या 'ॲलिसेस ॲडव्हेंचर्स इन वंडरलँड' या पुस्तकात अर्थ शोधू नये, असा सल्ला प्रस्थापित समीक्षा वाचकाला देत आली आहे. ही निखळ गंमत आहे, मुलांसाठी आहे, तिच्यावर विचारांचे ओझे लादू नका, असे तिचे म्हणणे. दुसऱ्या बाजूला अर्थ शोधणाऱ्यांचीही वाण नाही. १९३३ साली शेन लेस्ली यांनी या पुस्तकात ऑक्सफर्डमधील धर्मपंथीय वादांचे रूपक पाहिले. मनोविश्लेषणवाल्यांनी बीळ, दार आणि किल्ली यांचे त्यांना हवे ते अर्थ लावले. २००९ साली मेलनी बेली या अभ्यासिकेने चहापानाच्या प्रसंगात त्या काळातील नव्या बीजगणिताची टर दाखवून दिली. हे वाचन बरेच पटण्याजोगे आहे, कारण लुईस कॅरोल म्हणजेच चार्ल्स लटविज डॉजसन हा ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयात गणिताचा अध्यापक होता. पण या सगळ्यांचे गृहीत एकच की अर्थ असलाच तर तो पुस्तकाच्या मागे कुठेतरी दडलेला असणार. पुस्तकात उघड्यावर जे पडलेले आहे त्याकडे कुणाचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. उघड्यावर काय आहे? कामे सांगणारे आहेत आणि कामे करणारे आहेत. शिक्षा फर्मावणारे आहेत आणि शिक्षेच्या भीतीने थरथरणारे आहेत. 'निरर्थक' हे विशेषण या दोघांतील नेमक्या कुणाच्या वागण्याला लागू पडते, एवढेच तपासायचे आहे.

गंमत अशी की हट्टाने अर्थ काढणारा समीक्षक कॅरोलने पुस्तकातच उभा करून ठेवला आहे. तो म्हणजे बदामचा राजा. शेवटच्या खटल्यात गुलामावर राणीच्या मिठाया चोरल्याचा आरोप आहे. पुरावा म्हणून एक कागद पुढे येतो. त्यावर सही नाही, अक्षर गुलामाचे नाही, आत काही असंबद्ध कडवी आहेत. सही नाही हे गुलाम निदर्शनास आणतो, तर राजा म्हणतो की त्याने गुन्हा अधिकच गंभीर होतो, कारण प्रामाणिक माणसाने सही केली असती. मग तो त्या कडव्यांतून एकेक ओळ उचलतो आणि आरोपीला चिकटवतो. ज्याला काही अर्थ नाही त्याला अर्थ देण्याचा अधिकार न्यायासनाकडे आहे, आणि तो अर्थ नेहमी आरोपीच्या विरुद्ध जातो. यात निरर्थक काय आहे? ज्यांनी कचेऱ्यांचे आणि कोर्टांचे उंबरे झिजवले आहेत त्यांना हा प्रसंग स्वप्नातला वाटणार नाही. आधी शिक्षा, निकाल मागाहून, अशी राणीची मागणी आहे. ज्युरीतले बाराही जण खटला सुरू होण्यापूर्वीच आपापली नावे पाटीवर लिहून घेतात, कारण खटला संपेपर्यंत ती विसरण्याची त्यांना धास्ती आहे. टाळ्या वाजवणाऱ्या गिनीपिगला पोत्यात उलटे कोंबून शिपाई त्यावर बसतात. त्या वेळी ॲलिसला आनंद होतो की वर्तमानपत्रांत खटल्याच्या बातमीत छापून येणाऱ्या एका गुळगुळीत वाक्याचा खरा अर्थ तिला आज प्रथमच प्रत्यक्ष पाहायला मिळाला.

तात्पर्य काढणारी दुसरी व्यक्ती म्हणजे डचेस. जगातल्या प्रत्येक गोष्टीत बोध आहे, तो सापडला पाहिजे, असा तिचा आग्रह. आणि बोध सांगताना ती आपली टोकदार हनुवटी ॲलिसच्या खांद्यात रुतवत असते. कॅरोलच्या आधी दीडशे वर्षे इंग्रजी बालवाङ्मयाचे काम प्रामुख्याने हेच होते. आयझॅक वॉट्सची १७१५ सालची बोधपर गीते मुलांकडून घोकून घेतली जात. त्यातल्या एका गीतात उद्योगी मधमाशी मुलांना आळस टाकायला शिकवते. ॲलिस तेच गीत म्हणायला जाते तेव्हा मधमाशीच्या जागी मगर येते आणि हसतमुखाने माशांना आपल्या जबड्यात बोलावते. उद्योगाचे गुणगान ज्यांच्या तोंडी शोभून दिसते ते पुष्कळदा जबडा उघडून बसलेले असतात, हे कॅरोलला म्हणायचे होते का? बहुधा नव्हते. तो वृत्तीने सनातनी होता, राजकारणात टोरी होता. आपल्या 'स्नार्क' या दीर्घ कवितेबद्दल त्याने एका पत्रात लिहिले की आपल्या मनात निरर्थकाखेरीज काही नव्हते, पण शब्द लिहिणाऱ्याच्या हेतूपेक्षा अधिक बोलून जातात. हे त्याचे म्हणणे मान्य करून आपण पुढे जाऊ.

ही कथा जन्मली कुठे तेही पाहिले पाहिजे. ४ जुलै १८६२ रोजी ऑक्सफर्डजवळ नदीत एक होडी वल्हवली जात होती. होडीत क्राइस्ट चर्चचे डीन हेन्री लिडेल यांच्या तीन मुली होत्या, डॉजसन होता आणि त्याचा एक मित्र होता. मधली मुलगी ॲलिस, तेव्हा दहा वर्षांची. तिच्या हट्टावरून डॉजसनने गोष्ट लिहून काढली, १८६४ साली हस्तलिखित तिला भेट दिले, आणि १८६५ साली मॅकमिलनने पुस्तक प्रसिद्ध केले. म्हणजे ही गोष्ट ज्या घरात नोकरचाकर राबतात त्या घरातील मुलीला सांगितलेली आहे. आणि त्या मुलीवर बिळात उतरल्यानंतर जी संकटे येतात त्यांतले एक ठळक संकट असे की तिला मोलकरीण समजले जाते.

पांढरा ससा तिच्याकडे बघतही नाही. मेरी ॲन, इथे काय करतेस, घरी जा आणि माझे हातमोजे आण, असा हुकूम सोडतो. मेरी ॲन हे त्या काळी मोलकरणींना सरसकट लावले जाणारे नाव. ॲलिस काय करते? ती धावत सुटते. मी मेरी ॲन नाही, हे सांगायचे तिला सुचतच नाही. हुकुमाच्या स्वरात एवढे सामर्थ्य असते की तो कानी पडताच माणूस मोलकरीण होतो. पण धावताना ती मनाशी म्हणते की मी खरी कोण आहे हे कळेल तेव्हा सशाला केवढे आश्चर्य वाटेल! इथे वाचकाने थांबावे. खऱ्या मेरी ॲनला असा विचार करण्याची सोय नाही. तिच्याजवळ दुसरी, 'खरी' ओळख शिल्लक नाही. पुस्तकात ती एकदाही दिसत नाही. दिसते ती फक्त तिच्या कामाची रिकामी जागा. याच्या आधी एकदा आपण कोण हेच ॲलिसला आठवेनासे झालेले असते. आपण मेबल तर नाही ना झालो, अशी शंका तिला येते. मेबल म्हणजे लहानशा कोंदट घरात राहणारी, फारशी खेळणी नसलेली आणि कमी शिकलेली मैत्रीण. ॲलिस ठरवते की मी मेबल असेन तर वर येणारच नाही, इथेच बिळात राहीन. सात वर्षांच्या मुलीला गरिबी ही बिळापेक्षा वाईट वाटते, आणि हे पुस्तक ते विनोद म्हणून सांगते.

आता बिल. बिल हा सरडा सशाच्या घरी हरकाम्या आहे. ॲलिस सशाच्या घरात वाढून अडकली की तिला हुसकावायला धुराड्यातून कुणी उतरायचे असा प्रश्न पडतो. एक म्हणतो मी नाही, दुसरा म्हणतो मी तर मुळीच नाही, आणि शेवटी मालकाचा हुकूम निघतो की बिलने उतरावे. हे सगळे बिलवरच ढकलतात की काय, असे ॲलिसच्याही मनात येते. तिला ते कळते, ती तसे बोलते, आणि लगेच धुराड्यात पाय घालून अशी लाथ मारते की बिल आकाशात उडतो. जॉन टेनिएलने या क्षणाचे चित्र काढले आहे आणि ते फार विनोदी आहे. परंतु १८६५ सालच्या इंग्लंडमध्ये धुराड्यात कुणीतरी लहान जीव उतरवला जाणे ही कल्पनेची भरारी नव्हती. एकवीस वर्षांखालील कुणालाही धुराड्यात चढवू नये असा कायदा १८४० साली झाला होता. तो पाळला जात नव्हता म्हणून १८६४ साली, म्हणजे पुस्तक निघण्याच्या आदल्याच वर्षी, दुसरा करावा लागला. तोही पुरला नाही म्हणून १८७५ साली तिसरा. चार्ल्स किंग्जलीने १८६३ साली धुराडी साफ करणाऱ्या पोरालाच नायक करून 'द वॉटर बेबीज' लिहिले होते. कॅरोलचा बिल कुणाचा नायक नाही. तो लाथ खातो, दोन गिनीपिग त्याला धरून बाटलीतले काहीतरी पाजतात, आणि कथा पुढे निघून जाते. त्याच घरातला पॅट हा नोकर आयरिश ढंगाची इंग्रजी बोलतो आणि त्याच्या उच्चारांवर हशा मिळवला जातो. निर्मळ म्हणून सांगितला जाणारा विनोद कुणाच्या तोंडून आणि कुणाच्या पाठीवर पिकतो ते यावरून दिसावे.

राणीच्या बागेतही हेच. पत्त्यांची विभागणी इथे मराठीत नीटशी कळत नाही, कारण आपण इस्पिक, किलवर, चौकट असे म्हणतो. इंग्रजीत 'स्पेड' म्हणजे फावडे, 'क्लब' म्हणजे सोटा, 'डायमंड' म्हणजे हिरा. म्हणून इस्पिकवाले माळी, किलवरवाले शिपाई, चौकटवाले दरबारी आणि बदामवाली राजाची मुले. अंगावर जे छापले तेच काम. तीन माळ्यांनी लाल गुलाबाच्या जागी चुकून पांढरा लावला, आणि मान जाईल या भीतीने ते फुलांना लाल रंग फासत बसले आहेत. फासतानाही एकमेकांची उणीदुणी काढत आहेत. राणीची स्वारी आली की तिघेही पालथे पडतात. आणि इथे कॅरोल सहज एक गोष्ट लिहून जातो. पत्त्यांच्या पाठी सारख्याच असतात, त्यामुळे पालथे पडलेले हे माळी आहेत, शिपाई आहेत, दरबारी आहेत की आपलीच पोरे आहेत, हे राणीला ओळखता येत नाही. ती त्यांना उताणे करायला लावते, रंग पाहते, आणि मग मान उडवण्याचा हुकूम देते.

आपल्या वाचकाला इथे काय आठवेल हे सांगण्याची गरज नाही. तरीही एक पथ्य पाळावे. इंग्लंडची वर्गव्यवस्था म्हणजे जातिव्यवस्था नव्हे, आणि कॅरोलच्या पत्त्यांवर आपली जात छापणे म्हणजे त्या राजासारखे सही नसलेल्या कागदातून हवा तो मजकूर वाचणे होईल. पत्त्यांच्या पाठी सारख्या आहेत एवढे मात्र त्याने लिहिले आहे. ते आपण घातलेले नाही.

क्रोकेच्या खेळात कमानी म्हणून शिपाईच हातापायांवर वाकून उभे असतात. राणी एकेकाला शिक्षा फर्मावते, शिपायांना कमान सोडून कैद्यामागे जावे लागते, आणि अर्ध्या तासात एकही कमान उरत नाही. राज्य चालवायला आणि राज्याची करमणूक करायला माणसे तीच. ग्रिफिन ॲलिसला सांगतो की इथे प्रत्यक्षात कुणाचीच मान उडत नाही. राजा हळूच सर्वांना माफ करून टाकतो. पण त्यामुळे माळ्यांची भीती कमी होत नाही. दहशतीला फाशीची गरज रोज पडत नसते.

या सगळ्या कारभाराला ॲलिस शेवटी मूर्खपणा म्हणते, तुम्ही नुसते पत्ते आहात असे सुनावते, आणि डोलारा कोसळतो. समीक्षकांना हा क्षण फार आवडतो: बालमनाचा विद्रोह, सत्तेला नकार वगैरे. विद्रोह खरा आहे, हे मान्य. पण ॲलिस तो केव्हा करते हेही पाहावे. त्या वेळी ती वाढून आपल्या पूर्ण उंचीला आलेली असते. बिळाच्या सुरुवातीला ती लहान होती तेव्हा तिने सशाचे हातमोजे आणून देण्यासाठी धाव घेतली होती. ज्यांना वाढायला खाऊ मिळत नाही, ज्यांना वर नदीकाठी बहीण वाट पाहत बसलेली नाही, त्यांना तोच मूर्खपणा आयुष्यभर शहाणपणा म्हणून पाळावा लागतो. माळ्याने तेच वाक्य उच्चारले असते तर डोलारा कोसळला नसता.

आणि न्यायालयात ॲलिस स्वतः काय करते? ज्युरीत बिलही बसलेला आहे. त्याची पाटीवरची पेन्सिल कर्कश वाजते. ॲलिसला तो आवाज सहन होत नाही. ती मागून जाते आणि पेन्सिल काढून घेते, इतक्या चपळाईने की आपली पेन्सिल गेली कुठे हे त्या बापड्याला कळतही नाही. इकडेतिकडे शोधून तो उरलेला दिवस बोटाने लिहीत राहतो, आणि बोटाने पाटीवर काही उमटत नाही. पुढे तिच्या झग्याचा धक्का लागून ज्युरी सांडते. सगळ्यांना उचलून ठेवताना बिल डोके खाली, शेपूट वर असा ठेवला जातो. ती त्याला सरळ करते खरी, पण मनात म्हणते की तो असा बसला काय नि तसा बसला काय, खटल्याला त्याचा उपयोग सारखाच. शाळांसाठी काढलेल्या संक्षिप्त आवृत्त्यांतून असलेच तपशील आधी गळतात. शिक्षकमित्रांनी हे पुस्तक वर्गात घेतले तर पूर्ण घ्यावे, आणि मुलांना विचारावे की पेन्सिल कुणी घेतली.

ती पेन्सिल राणीने घेतली नाही, शिपायांनी हिसकावली नाही. सत्तेला मूर्ख म्हणण्याचे धैर्य असलेल्या, एरवी मनाने चांगल्या मुलीने ती घेतली, कारण आवाज कानाला टोचत होता. पुस्तकातले हे सर्वांत खरे वाक्य असावे, आणि कॅरोलने ते जाता जाता लिहिले आहे. दलित लेखनाच्या भाषेवर, तिच्या 'कर्कशपणा'वर काय काय लिहिले गेले ते ज्यांनी वाचले आहे त्यांनी अकरावे प्रकरण जरूर पाहावे.

बाराव्या प्रकरणात राणी संतापून बिलवर दौत भिरकावते. शाई त्याच्या तोंडावरून ओघळू लागते. बोटाने काही उमटत नाही म्हणून बिलने लिहिणे सोडून दिलेले असते. आता तो ती शाई बोटावर घेतो आणि घाईघाईने पुन्हा लिहू लागतो, शाई पुरेल तोवर. तो काय लिहितो हे कॅरोल सांगत नाही. राजा एक कोटी करतो, ती कुणाला कळत नाही, आणि खटला पुढे चालतो.

ॲलिस जागी होऊन घरी चहाला गेल्यावर तिची बहीण तिथेच डोळे मिटून बसते आणि ते जग पुन्हा तिच्याभोवती जमा होते. डोळे उघडले की हे सगळे आवाज शेताचे, मेंढरांचे, गोठ्याचे होतील हे तिला ठाऊक आहे. त्या आवाजांत कपबश्यांची किणकिण आहे, राणीचा ओरडा आहे, कोंडलेल्या गिनीपिगांची घुसमट आहे. आणि ॲलिसने काढून घेतलेली ती सरड्याची पेन्सिलही तिथे पाटीवर करकरते आहे.