करडा काठ

टॉर ब्राउझर, म्हणजे इंटरनेटवर आपली ओळख झाकणारा ब्राउझर, घरच्या संगणकावर बसवायला फारसे कष्ट पडत नाहीत. फाइल डाउनलोड करायची, सोबत दिलेल्या डिजिटल सहीशी ताडून बघायची (ही पायरी बहुतेक जण गाळतात, गाळू नये) आणि उघडायची. समोर येते ‘कनेक्ट’चे बटण. ते दाबले की काम झाले. इतक्या सोप्या वस्तूकडे मग कोणी निरखून पाहत नाही.

आता ब्राउझरची खिडकी पडदाभर मोठी करून बघा. आतले पान पूर्ण पसरत नाही, कडेने करडा काठ उरतो. नवख्याला हा दोष वाटतो. मला मात्र सगळ्या रचनेतली ही सर्वांत देखणी जागा वाटते. आपल्या खिडकीची लांबी-रुंदी कुठल्याही संकेतस्थळाला मोजता येते. प्रत्येकाचा पडदा वेगळा, पट्ट्या वेगळ्या, त्यामुळे एखादे विचित्र माप हीच त्या माणसाची खूण ठरते. टॉर पानाचे माप ठरावीक टप्प्यांवर, रुंदीला 200 आणि उंचीला 100 पिक्सेलच्या पटीत, आणून ठेवतो. उरलेली जागा म्हणजे तो काठ. २०१९ पासून तो आहे. लग्नात यजमान सगळ्यांना एकाच रंगाचे फेटे बांधतात आणि मग कोण वराकडचा, कोण वधूकडचा हे कळेनासे होते, तसाच हा प्रकार.

घड्याळाचेही तेच. पानाने वेळ विचारली तर ब्राउझर आपली भारतीय वेळ सांगत नाही, जागतिक प्रमाणवेळ सांगतो. साडेपाच तासांचा फरक जगात भारत आणि श्रीलंका एवढ्यांचाच. तो कळला तर निम्मा पत्ता कळलाच.

पत्त्याच्या पट्टीतल्या छोट्या चिन्हावर क्लिक केले की पानापर्यंतची वाट दिसते: आपण, मग तीन थांबे (वाटेतले संगणक), मग संकेतस्थळ. थांब्यांपुढे देशांची नावे. पहिल्या थांब्याला आपण कोण ते ठाऊक असते, पण कुठे निघालो ते नाही. तिसऱ्याला ठिकाण ठाऊक, माणूस नाही. मधल्याला दोन्ही नाही. आता नवी वाट मागा. पुढचे दोन थांबे बदलतात, पहिला तसाच राहतो, आणि तोही महिनोन्‌महिने. हे उलटे वाटते, पण त्यात शहाणपण आहे. दर वेळी नवा पहिला थांबा निवडला, तर कधी ना कधी पाळत ठेवणाऱ्याचा थांबा वाट्याला येणारच. एकालाच धरून राहिले की तो धोका पुष्कळ कमी होतो.

थांब्याथांब्यांनी वाट नेण्याच्या या कल्पनेचा उगम १९९० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत झाला, हे कळले की अनेकांना संशय येतो. रसिकाला त्यात तर्काची गंमत दिसावी. थांब्यांचे हे जाळे फक्त नौदलाने वापरले असते तर त्यातून बाहेर पडणारा प्रत्येक माणूस नौदलाचाच ठरला असता! म्हणून ते पत्रकार, विद्यार्थी, उगाच चाळा करणारे अशा सगळ्यांसाठी खुले करणे भाग होते. रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन यांनी पॉल सिव्हरसन यांच्याबरोबर टॉर उभे केले. २००६ मध्ये त्यासाठी ना-नफा संस्थाही निघाली. बसवणे सोपे का, याचेही उत्तर इथेच मिळते. अवघड असते तर माणसे कमी आली असती, आणि माणसे कमी म्हणजे आडोसाही कमी.

उणिवा आहेत. वेग मंद. काही संकेतस्थळे दारातच अडवतात. आपण टॉर वापरतो हे इंटरनेट पुरवणाऱ्याला साधारणपणे दिसते. ते झाकायला ‘ब्रिज’, म्हणजे जाहीर यादीत नसलेले पहिले थांबे, वेगळे निवडावे लागतात. आणि एवढा बंदोबस्त करून आपण आपल्या नेहमीच्या नावाने ई-मेल उघडली, तर तिन्ही थांबे चोख काम करत राहतात, मात्र पलीकडे आपले नाव आपणच सांगितलेले असते. तिथे ब्राउझरने लाल अक्षरांत दटावायला हवे होते, असे काहींना वाटते. मला नाही वाटत. कोणाला नाव सांगायचे हे ज्याचे त्याने ठरवावे.