मंदसोरची पट्टवायप्रशस्ति : एक पुनर्विचार

संस्कृत कोरीव लेखांपैकीं मंदसोरच्या पट्टवायश्रेणीच्या प्रशस्तीइतकी चर्चा फार थोड्या लेखांची झाली असेल. फ्लीटसाहेबांनीं १८८८ मध्यें गुप्तलेखांच्या संग्रहांत ती घेतली, तेव्हांपासून कालगणनेचा वाद तिच्याभोंवतीं चालला. ब्यूलर यांनीं १८९० मध्यें तिच्यांत काव्यरीतीच्या प्राचीनत्वाचा पुरावा पाहिला. वत्सभट्टि कालिदासाचा किती ऋणी, याचीही छाननी झाली. श्रेणींच्या अभ्यासकांनीं तिचा उल्लेख केला, पण बहुधा भरभराटीचा दाखला म्हणूनच. ज्यांनीं पैका खर्चून हा लेख कोरविला त्या रेशीमविणकरांची हकीकत काय सांगते, हें मात्र नीट वाचलें गेलें नाहीं असें मला वाटतें.

लेखाचा आशय असा. लाट देशांतून, म्हणजे आजच्या दक्षिण गुजरातेंतून, ही श्रेणी दशपुराच्या राजांच्या गुणांनीं आकर्षित होऊन मुलांबाळांसह तेथें आली. राजांनीं त्यांस पुत्रवत् मान दिला. कुमारगुप्ताच्या साम्राज्यांत, बंधुवर्म्याच्या अंमलांत, मालव संवत् ४९३ (इ. स. ४३६-३७) मध्यें त्यांनीं सूर्याचें मंदिर बांधलें. पुढें त्याचा एक भाग भंगला, तेव्हां संवत् ५२९ (इ. स. ४७३ च्या सुमारास) मध्यें त्याच श्रेणीनें जीर्णोद्धार केला.

एका धंद्याचे लोक दाटीनें एकत्र राहिले म्हणजे कसब मुलांच्या सहज अंगवळणीं पडतें, पूरक धंदे जवळ येतात, कारागिरास काम व धन्यास कारागीर शोधीत हिंडावें लागत नाहीं, असें आल्फ्रेड मार्शल यांनीं १८९० मध्यें प्रतिपादिलें. तें खरें आहे. परंतु धंदे एके जागीं आणले कीं प्रांत आपोआप सुखी होतो, असा जो सोपा सिद्धान्त आज उद्योगसमूहांच्या योजनांत कधीं कधीं ऐकूं येतो, त्यास ही प्रशस्ति दुजोरा देत नाहीं.

पहिली गोष्ट : दशपुरानें जें मिळविलें तें लाटानें गमाविलें. केवळ एकत्र राहण्यानें कारागीर जागेस बांधला जात असता, तर ही श्रेणी निघालीच नसती. ती कां निघाली, हें कवि सांगत नाहीं; स्तुति आश्रयदात्यांची, सोडलेल्या देशाची तक्रार तींत येणार कशी? दुसरी गोष्ट : दशपुरांत सगळेच मागावर राहिले नाहींत. कोणी धनुर्विद्येंत, कोणी कथाकथनांत, कोणी ज्योतिषांत नांव कमाविलें. यास श्रेणीचें विघटन म्हणावें तर ३६ वर्षांनीं जीर्णोद्धाराचा खर्च तिनेंच केला! मार्शल यांनींही बजाविलें आहे कीं, एकाच धंद्यावर विसंबलेला प्रांत मागणी घटली म्हणजे कोसळतो. तेव्हां नाना व्यवसायांत शिरणें हेंच कदाचित् या श्रेणीचें बळ होतें.

तिसरा मुद्दा नाशिकच्या लेण्यांतला. नहपानाचा जामात उषवदात यानें वर्ष ४२ मध्यें गोवर्धन येथील दोन विणकरसंघांत ३००० कार्षापणें कायम ठेव म्हणून ठेविलीं : २००० एकांत, दरमहा शेंकडा १ व्याजानें, १००० दुसऱ्यांत, शेंकडा पाऊण व्याजानें. पहिल्या ठेवीचें वार्षिक व्याज २४० होतें, आणि २० भिक्षूंच्या वस्त्रांसाठीं प्रत्येकीं १२ दिलेलीं आहेत. हिशेब चोख जुळतो. एकच गांव, एकच धंदा, तरी दर भिन्न. याचें कारण लेखांत नाहीं. पण व्यवहार गांवाच्या नांवावर झाला नाहीं, विशिष्ट संघाशीं झाला, एवढें स्पष्ट आहे. समृद्धीचा आधार जागेपेक्षां संघाच्या पतींत अधिक असावा, असें माझें अनुमान आहे.

आमचें म्हसावद सातपुड्याच्या पायथ्याशीं आहे. दक्षिणेस तापी वाहते, ती प्राचीन लाटांतल्या सुरतेकडे जाते. त्या सुरतेंत आज कृत्रिम धाग्याचें कापड व हिऱ्यांचें पैलूकाम एकवटलें आहे. त्या कारागिरांस पट्टवायांचे वारस ठरविण्याचा मोह संशोधकानें आवरावा. मधला पुरावा आपल्या हातीं नाहीं. तो असता तर वह्यांतच असता, आणि वह्या आपण जपल्या नाहींत. सनदा, वतनपत्रें, पोथ्या यांस रेशमी बासन मिळतें. विणकराची, रंगाऱ्याची खातेवही रद्दींत जाते.

माझ्या शिक्षकीच्या काळांत एका घरीं मला भागवताची पोथी आदरानें दाखविण्यांत आली. तिच्याखालीं आधारास दोन मोडी वह्या ठेविल्या होत्या. त्या मीं उघडूनही पाहिल्या नाहींत. पुढें मागावयास गेलों तों त्या चुलींत गेल्या होत्या. दोष घरच्यांचा नव्हे, माझा. वाचकांपैकीं ज्यांच्या संग्रहीं अशा वह्या अजून असतील, त्यांनीं त्या काव्याइतक्याच काळजीनें उघडाव्या, एवढीच विनंती.